लग्नाचा बायोडेटा ग्रुपवर टाकण्याआधी

कृष्णाकाठ

आमच्या नणंदेच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलगी हिंजवडीला नोकरीला, आईवडील साताऱ्यात. मध्यंतरी दुपारच्या वेळी नणंदेच्या यजमानांना फोन आला. "पुण्याच्या पोलीस ठाण्यातून बोलतोय. तुमची मुलगी अमुक कंपनीत आहे ना? मैत्रिणींबरोबर ड्रग्जच्या केसमध्ये सापडली आहे. पेपरात नाव येऊ द्यायचं नसेल तर आत्ताच मिटवा." मुलीचं पूर्ण नाव, शिक्षण, कंपनी, पुण्यात राहते तो भाग, मामा कुठल्या गावचे, सगळं त्याला तोंडपाठ. मागे कुणीतरी मुलगी रडत होती. भावजी साधे निवृत्त शिक्षक, त्यांचे हातपाय गळाले. नणंदेने प्रसंगावधान राखून दुसऱ्या फोनवरून लेकीला लावला. ती कँटीनमध्ये जेवत होती. तेवढ्यावर निभावलं.

नंतर घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, ही माहिती फुटली कुठून? मुलीचं इन्स्टाग्राम खाजगी आहे, फेसबुकवर ती फिरकतही नाही. मी तिचा बायोडेटा मागवून घेतला आणि शांतपणे वाचला. त्या माणसाने फोनवर जे जे सांगितलं ते जवळपास त्याच क्रमाने त्या एका पानावर होतं. खाली संपर्क म्हणून वडिलांचा मोबाईल नंबर.

तुमच्या घरातला बायोडेटा एकदा असा परक्याच्या नजरेने वाचून बघा. वरती गणपती, खाली मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मस्थळ, उंची, वर्ण, रक्तगट. शिक्षण, कंपनीचं नाव, हुद्दा, पगार. वडिलांचं नाव आणि कुठून निवृत्त. आईचं नाव. भाऊ काय करतो, बहीण कुठे दिली, मामांचं नाव आणि गाव, पाहुण्यांची आडनावं. स्थावर म्हणून "पुण्यात स्वतःचा दोन बीएचके, गावी चार एकर बागायत". राहता पत्ता, विंग आणि फ्लॅट नंबरसकट. आणि दोन फोटो. एखाद्या घराची इतकी नीट मांडलेली माहिती चोराला स्वतः गोळा करायची म्हटली तर महिना जाईल. आपण ती पीडीएफ करून ज्या ग्रुपवर आठशे-हजार माणसं आहेत आणि त्यातली दहाही ओळखीची नाहीत तिथे टाकतो. तिथून कोण कुठे पुढे पाठवतं त्याचा पत्ता नाही.

स्थळं बघायलाच नकोत असं मी म्हणत नाही. हे पान दोन टप्प्यांत द्यावं असं मला वाटतं. ग्रुपवर जाणाऱ्या पानावर फक्त प्राथमिक जुळणीपुरतं, आणि बाकीचं समोरचं घर कोण आहे हे कळल्यावर, फोनवर बोलून. इथे बँकेतले, कायद्यातले, वधू-वर मंडळात काम करणारे बरेच जण आहेत. कोणती ओळ पहिल्या पानावर ठेवावी आणि कोणती काढावी, यावर बोलूया.

पासबुक

मी बँकेत आहे, म्हणून माझ्या बाजूचं सांगते. फोन बँकिंगला ग्राहकाची ओळख पटवायला काय विचारतात? जन्मतारीख, आईचं नाव, नोंदवलेला पत्ता, नोंदवलेला मोबाईल. चारही बायोडेटात आहेत. एवढ्यावर पैसे निघत नाहीत, ओटीपी लागतोच. पण चोर हीच माहिती उलट्या दिशेने वापरतो. तोच तुम्हाला फोन करून म्हणतो, "मॅडम, तुमची जन्मतारीख अमुक, आईचं नाव तमुक, बरोबर ना? केवायसी अपडेटसाठी एक कोड आलाय तो सांगा." एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस बँकेचाच असणार असं वाटतं, आणि शहाणीसुरती माणसं कोड सांगून मोकळी होतात.

दुसरी गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष. आयकराच्या काही कागदांना जन्मतारीखच पासवर्ड असते. कितीतरी स्टेटमेंटं नावाच्या आणि जन्मतारखेच्या जोडीने उघडतात. हॉटेलला, एजंटला, ऑफिसच्या सहलीच्या ग्रुपवर आपण जी ई-आधारची फाईल "पासवर्ड आहे ना" म्हणून निर्धास्त पाठवतो, तिची किल्ली बायोडेटात छापलेली असते. आधार द्यायचंच असेल तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

सूचक मंडळ

कृष्णाकाठ ताई, झाला प्रकार वाईटच. पण दुसरी बाजूही ऐका. आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ मी बरीच वर्षं बघतो आहे. लोकांना अर्धी माहिती दिली की ते त्या स्थळाकडे बघतही नाहीत. जन्मवेळ नाही? मग पत्रिका कशी जुळवायची? पगार नाही? म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी असणार. मामांचं गाव विचारतात ते सोयरीक कुठे अडत नाही ना हे बघायला, चोऱ्या करायला नव्हे. खेड्यातल्या आईबापांना वेबसाइटची फी परवडत नाही. त्यांच्या मुलामुलींची लग्नं या ग्रुपांवरच जमतात, आणि तीही फुकट. पूर्वी वर्तमानपत्रात जाहिराती देतच होतो की. तेव्हा कुणी खाजगीपणाचं नाव काढलं नाही.

जुनी पेठ

सूचक मंडळ, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण वर्तमानपत्राचा दाखला तुमच्या विरुद्ध जातो. ती जाहिरात आठवा. "वय २४, ५ फूट २ इंच, बी.कॉम., गोरी, गृहकृत्यदक्ष वधूस अनुरूप वर हवा. लिहा बॉक्स नंबर अमुक." नाव नाही, पत्ता नाही. उत्तरं वर्तमानपत्राच्या कचेरीत जायची, तिथून बंद पाकिटात आपल्या घरी. त्यातल्या कुणाला उत्तर द्यायचं ते मुलीचा बाप ठरवायचा. नाव समोर येईपर्यंत दोन पायऱ्या ओलांडाव्या लागत.

मंडळांचंही तसंच होतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आम्ही दादरला जायचो. नावनोंदणी, फी, मग फडताळातल्या फायली. बाकावर बसून वही काढायची आणि नोंदणी क्रमांक, शिक्षण, उंची उतरवून घ्यायची. पत्ता हवा असेल तर खिडकीवरच्या बाई तुमची नोंद बघून मग देणार. फाईल घरी न्यायची सोय नव्हती. म्हणजे माहिती होती, पण ती बघायला आलेला माणूसही कागदावर आलेला असायचा. आजच्या ग्रुपवर आपलं सगळं उघडं आणि बघणारा कोण ते ठाऊक नाही. कृष्णाकाठ म्हणतात ते दोन टप्पे काही नवं खूळ नाही, आपल्याकडे रीतच ती होती.

माहेरवाशीण

ज्यांचा बायोडेटा फिरतो त्यांच्यातर्फे मी बोलते. माझं लग्न होऊन मुलगा शाळेत जायला लागलाय, तरी अजून माझ्या वडिलांना फोन येतात, "मुलीचं स्थळ आहे ना?" मध्ये एकाने थेट मला लावला. लग्न झालंय म्हटल्यावर ठेवून देईल की नाही? तर म्हणतो, फोटोतला निळा ड्रेस छान आहे. मग रात्री-अपरात्री मेसेज. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून. माझ्या जुन्या ऑफिसचं नाव त्याला बायोडेटातून मिळालं होतं, तिथे फोन करून चौकशी केली. नवऱ्याने साथ दिली म्हणून तक्रार केली आणि ते थांबलं. सासर वेगळ्या विचारांचं असतं तर त्याचे मेसेज वाचून माझ्यावरच संशय आला असता.

माझं पान कुठल्या ग्रुपवर गेलं ते मला त्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. आत्याने काकूला दिलं, काकूने तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांचा हेतू चांगलाच. पण पान माझं, फोटो माझा, तर कुठे जाणार हे मला आधी कळायला नको? पालकांनो, एवढं एक तरी करा. मुलीला विचारल्याशिवाय, मुलालाही विचारल्याशिवाय, तिचा किंवा त्याचा फोटो पुढे ढकलू नका.

वाचनमात्र

माहेरवाशीण +१००. माझ्या भावालाही असाच त्रास झाला. मुलांच्या बाबतीत लोक हसण्यावारी नेतात, पण त्याचा फोटो आणि पगाराचा आकडा त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर फिरला तेव्हा त्याला तोंड दाखवायला नको झालं होतं.

जर्सीकर

परदेशातल्या स्थळांची वेगळीच कथा. माझा बायोडेटा आईने पुण्यातल्या ग्रुपवर टाकला होता. त्यात न्यू जर्सी, कंपनी, एच-वन-बी व्हिसा, ग्रीन कार्ड कुठपर्यंत आलंय, सगळं. वर्षभराने नागपूरच्या एका ताईंनी मला लिंक्डइनवर शोधून काढलं आणि विचारलं, "तुम्ही खरंच तुम्हीच आहात का?" माझे फोटो आणि माझीच माहिती लावून कुणीतरी त्यांच्याशी दोन महिने गोड बोलत होता. मग नेहमीचा सापळा. तुझ्यासाठी भेटवस्तू पाठवली, ती दिल्ली विमानतळावर कस्टम्समध्ये अडकली, एवढी ड्यूटी भर. त्यांनी पहिला हप्ता भरला, दुसऱ्या हप्त्याच्या वेळी त्यांना शंका आली.

त्यांचे पैसे गेले आणि माझं नाव वापरलं गेलं. मी काही चुकीचं केलं नसूनही त्यांच्याशी बोलताना जीव कानकोंडा झाला. परदेशात मुलगा आहे म्हणून अभिमानाने व्हिसाची ओळ टाकणाऱ्या सगळ्या आईबाबांना सांगतो, त्या ओळीची ग्रुपवर काहीही गरज नाही. "अमेरिकेत नोकरी" एवढं पुरे. ज्यांच्याशी बोलणी होतील त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवता येतं. आणि मुलीकडच्यांनीही व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय, इथल्या कुणा ओळखीच्याकडून खातरजमा केल्याशिवाय एक रुपयासुद्धा हलवू नये.

नक्षत्रवेल

सूचक मंडळ यांनी पत्रिकेचा मुद्दा काढला तो रास्त आहे, त्यावर सांगते. ३६ गुणांच्या मेलनाला जन्मतारीख लागतच नाही. रास, नक्षत्र आणि चरण एवढं दिलं की गण, नाडी, योनी सगळं निघतं. पहिल्या पानावर "रास कन्या, नक्षत्र हस्त, चरण २" लिहा, मंगळ आहे की नाही ते लिहा. गुण जुळले आणि बोलणी पुढे गेली की पूर्ण पत्रिका द्या. मी बघते त्या पत्रिकांत बरीच स्थळं नाडीवरच अडतात. त्या सगळ्यांच्या हातात मिनिटासकट जन्मवेळ कशाला हवी?

पासबुक

नक्षत्रवेल, फार उपयोगाचं सांगितलंत. फक्त एक भर घालते. चंद्र २७ दिवसांत पुन्हा त्याच नक्षत्रात येतो, म्हणजे वय आणि नक्षत्र मिळून वर्षातल्या तेरा-चौदा तारखा उरतात. आणि वयावरून जन्मवर्ष तर एक-दोन प्रयत्नांत कळतं. पानावरून तारीख काढून टाकली की सगळं झाकलं गेलं असं समजू नये. पण तेरा तारखांवर फोन करून "तुमची जन्मतारीख अमुक ना" असं ठामपणे म्हणता येत नाही, हा फरक मोठा आहे. ई-आधारची फाईल मात्र कुठेही पाठवू नका, ते वेगळंच पथ्य.

काळा कोट

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लोकांना वाटतं, आता कायदा आहे, आता काळजी नाही. पण त्या कायद्याचं तिसरं कलम वाचा. एखाद्याने घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती आणि माणसाने स्वतः होऊन जाहीर केलेली माहिती, दोन्हींना तो कायदा लागूच नाही. बायोडेटा आपणच सार्वजनिक केला तर त्यावर या कायद्याचा आधार मागणं फार कठीण.

विवाह संकेतस्थळांसाठी केंद्राने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. नोंदणी करणाऱ्याची ओळखपत्रं घ्यावीत, त्याचा आयपी पत्ता जपून ठेवावा, वगैरे. ग्रुपच्या ॲडमिनला यातलं काहीच बंधनकारक नाही. म्हणून काही घडलं तर संकेतस्थळाकडे निदान माग तरी असतो, ग्रुपवर बहुतेक वेळा नसतो.

गुन्हा घडल्यावर मात्र कलमं आहेत. दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. माहेरवाशीण ताईंच्या बाबतीत झालं तसा पाठलाग आणि नको असताना सतत संपर्क, त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पैसे गेले असतील तर पहिलं काम १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. नातेवाइकांना, वकिलाला, बँकेच्या शाखेला नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवायला चोरांना फार वेळ लागत नाही, आणि १९३० वरून ते वाटेतच गोठवता येतात.

रानवाट

उलट दिशेनेही काळजी घ्या. ग्रुपवर येणाऱ्या फायली. पत्रिका, बायोडेटा, लग्नाचं आमंत्रण म्हणून जी फाईल येते तिच्या नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर हात लावू नका. ते ॲप असतं, आणि एकदा टाकलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, तिसऱ्याच्या हातात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे असेच जवळजवळ दोन लाख गेले, निमित्त व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका. वधू-वर ग्रुपवर दिवसाला इतके बायोडेटा येतात की कोण काय उघडतंय याचं भान राहत नाही.

सूचक मंडळ

सगळं वाचलं. बॉक्स नंबरचा मुद्दा मला पटला. आमच्या मंडळाच्या जुन्या नोंदवह्यांतही क्रमांकच असत, हे मी विसरून चाललो होतो. नक्षत्र-चरणाची सूचना तर लगेच अमलात आणता येईल.

पण पगाराबद्दल माझं मत कायम आहे. आकडा नसेल तर मुलीकडचे फोनच करत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव आहे. आणि दुसरं, क्रमांक देऊन मधे कुणीतरी बसायचं म्हटलं तर ते काम करणार कोण? आमच्याकडे तीन निवृत्त माणसं आहेत, दिवसभर फोन घेत बसणं त्यांना झेपणार नाही.

कृष्णाकाठ

काका, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. पगारासाठी आकड्याऐवजी टप्पा लिहिता येईल, "वार्षिक १० ते १५ लाख" असा. कंपनीच्या नावाऐवजी "पुण्यात आयटी कंपनी". पगार आणि कंपनी एकत्र आली की चोराला सावज निवडता येतं, एकटा टप्पा फारसं काही सांगत नाही.

मधल्या माणसाच्या कामाबद्दल, सगळे फोन मंडळानेच घ्यायला हवेत असं नाही. वेगळं सिमकार्ड घ्यायचं, फक्त स्थळांसाठी. बँकेला, आधारला, कुठेही न जोडलेलं. तोच नंबर पानावर द्यायचा. लग्न ठरलं की बंद. आमच्या नणंदेने आता तेच केलंय. अनोळखी फोन त्या नंबरवर आला की कशासाठी आलाय ते आपोआप कळतं, आणि भावजींच्या नेहमीच्या नंबरवर "पोलीस" बोलायला लागला तर तो स्थळाच्या कामाचा नाही हेही.

टेकडीवर

फाईलऐवजी गुगल ड्राइव्हची लिंक द्या. डाउनलोड बंद ठेवता येतं, लग्न ठरल्यावर लिंक काढून टाकता येते. स्क्रीनशॉट कुणी काढेलच, ते थांबवता येत नाही, पण निदान पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहणार नाही. पानाच्या तळाशी महिना आणि वर्ष लिहा, म्हणजे जुनं पान हाती पडलं तरी समोरच्याला कळेल. फोटोवर आडवं फिकट अक्षरात "फक्त विवाहासाठी" आणि ग्रुपचं नाव टाकलं तर पुढे कुठून फुटला तेही समजतं. फोटो घराच्या दारातला, गाडीच्या नंबरप्लेटशेजारचा नको.

फुकट बायोडेटा बनवून देणारी जी ॲप आणि वेबसाइट आहेत त्यांच्यापासूनही जपा. तिथे आपण सगळं भरतो, फोटो चढवतो, आणि ते कुणाच्या सर्व्हरवर राहतं ते कुणीच बघत नाही. वर्ड उघडून अर्ध्या तासात तेच पान घरी तयार होतं.

माहेरवाशीण

जुन्या ग्रुपांवर आधीच गेलेल्या पानांचं काय करायचं? व्हॉट्सॲपवर "सगळ्यांसाठी डिलीट" दोन-अडीच दिवसांपर्यंतच चालतं ना?

टेकडीवर

पाठवणाऱ्याला तेवढीच मुदत आहे, पण ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढू शकतो, फार जुन्या मेसेजवर ते चालतं का ते त्याच्याकडून बघून घ्या. म्हणून ॲडमिनला गाठा. ज्यांनी फाईल उतरवून घेतली त्यांच्या फोनमधून ती जाणार नाही हे खरं. तरी ग्रुपवर मागे जाऊन शोधणाऱ्यांच्या हाती लागत नाही. फेसबुकवरच्या वधू-वर पानांवर टाकला असेल तर तो आधी काढा. तिथे कुणालाही शोधता येतो आणि लोक तिथूनच उचलतात.

सूचक मंडळ

आमच्या ग्रुपचा ॲडमिन मीच. लग्न जमल्याचं कळवलं की त्या मुलामुलीचं पान त्याच दिवशी काढायचं, आणि नसलं कळवलं तरी सहा महिन्यांनी काढून पालकांना पुन्हा विचारायचं, असा नियम रविवारच्या बैठकीत मांडतो. नव्या पानाचा नमुनाही करून घेतो. नोंदणी क्रमांक, वय, उंची, शिक्षण, नोकरीचा प्रकार आणि शहर, उत्पन्नाचा टप्पा, रास-नक्षत्र-चरण, मंगळ, तालुका, अपेक्षा, स्थळांसाठीचा नंबर. मामांचं गाव मात्र दुसऱ्या पानावर ठेवायचं की पहिल्या, यावर आमच्याकडे वाद होणार. आडनाव न देता नुसता जिल्हा दिला तर चालेल का?

पासबुक

जिल्हा चालेल. आईचं माहेरचं आडनाव आणि पाहुण्यांची आडनावं दुसऱ्या पानावर. आईचं पूर्ण नाव तर दुसऱ्या पानावरही नको, ते फोनवर विचारतील तेव्हा सांगा. आणि काका, रक्तगट, पॅन किंवा आधारचा नंबर काही मंडळांच्या फॉर्मवर असतो, तुमच्याकडे असेल तर तो रकानाच काढून टाका.

सूचक मंडळ

आधारचा रकाना आहे, पडताळणीसाठी घेतो. फॉर्मची छायाप्रत कार्यालयाच्या कपाटात असते, ग्रुपवर जात नाही. पण कपाटाला कुलूप नाही. ते या आठवड्यात लावून घेतो, आणि यापुढे मास्क केलेलीच प्रत मागतो.